नदीनं दिलेला उंबर

एका नदीच्या वळणावर, जिथं माणसांची पायवाट संपते आणि पुढं नुसतं रान उरतं, तिथं धनेश पक्ष्यांची एक जोडी राहत असे. मुलांनो, धनेश तुमच्यापैकी फार थोड्यांनी पाहिला असेल. अंगानं मोठा, चोच विळ्यासारखी वाकडी, आणि उडाला की पंखांचा असा आवाज येतो, जसं कुणी सुपानं भात पाखडतंय. बोलायला साधा, स्वभावानं त्याहून साधा.

त्या नदीला दोन काठ होते. आता काठ दोनच असतात हे तुम्हाला ठाऊक आहे, पण ते सांगायला लागतंय, कारण पुढचं सगळं भांडण काठाचंच आहे. अलीकडच्या काठाला वस्ती भरपूर. माकडांची टोळी होती, चिखलात कासव होतं, बांबूच्या बेटाखाली कोल्ह्याचं बीळ होतं. पलीकडच्या काठाला धनेशाची जोडी सोडली तर कायमचं असं कुणी नव्हतं. एकट्याचं घेणं सोपं असतं, एवढं लक्षात ठेवा.

पलीकडच्या काठाची जमीन एका जागी जिभेसारखी पुढं आली होती. नदी त्या जिभेला वळसा घालून जाई, आणि वळशात असा खोल डोह होता की माकडं त्यात आपलं तोंडही पाहत नसत. त्या जिभेवर एक जुना उंबर होता. जिभेच्या मागं, वर चढावर, एक उंच बेहडा होता. बेहड्याच्या खोडात वीस हात उंचीवर ढोली होती. ती ढोली म्हणजे धनेशाचं घर आणि तो उंबर म्हणजे धनेशाचं शेत. वरचे उंबर धनेश खाई, खाली पडलेले ज्याला पोचता येईल तो खाई. कुणी कुणाला विचारत नसे.

मागल्या पावसाळ्यात नदीला मोठा पूर आला. इतका मोठा की नदीनं वळसा घालायचा कंटाळा केला आणि जिभेचं मूळ कापून ती सरळ निघाली. पाणी ओसरल्यावर सगळ्यांनी पाहिलं. डोह गाळानं भरून गेला होता. जीभ पलीकडच्या काठापासून सुटून अलीकडच्या काठाला जोडली गेली होती. आणि नवी नदी उंबर आणि बेहडा यांच्या मधून वाहत होती. धनेशानं पाहिलं आणि मादीला म्हणाला, "नदी सरकली." मादी म्हणाली, "सरकू दे. आपल्याला पंख आहेत." त्या दोघांनी एवढाच विचार केला.

माघ महिन्यात मादी ढोलीत गेली. धनेशाच्या जातीत अशी रीत आहे की अंडं घालायच्या वेळी मादी ढोलीत शिरते आणि चिखल, फळांचा चोथा आणि आपली विष्ठा कालवून आतून दार लिंपून घेते. फक्त चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते. आत बसल्यावर तिची उडायची पिसंही गळून पडतात. पिसं पुन्हा येईपर्यंत आणि पिल्लू मोठं होईपर्यंत तीन-चार महिने ती आत, आणि नर बाहेर. तो आणेल ते तिनं खायचं, तिनं खाऊन पिल्लाला भरवायचं. आणखी एक गोष्ट. ही जात नदीकाठी राहते, पण नदीचं पाणी पीत नाही. फळाच्या पोटात जी ओल असते तेच तिचं पाणी. उंबर आला नाही तर नुसती भूक नाही, तहानही. तर बाई आत कोंडून बसलेली, आणि तिचं सगळं जगणं एका नराच्या चोचीवर आणि एका झाडावर.

चैत्रात उंबर पिकला. खोडापासून फांदीपर्यंत लाल झाला. वारा अलीकडं आला तसा वास माकडांच्या टोळीला लागला. टोळीची थोरली माकडीण वास घेत घेत निघाली, तर पाणी आडवं आलंच नाही. सुकलेल्या गाळावरून ती सरळ झाडाखाली पोचली. तिच्या पोटाला पिल्लू बिलगलेलं होतं. वर पाहिलं तर धनेश.

"तू रे इथं कसा?" माकडीण म्हणाली.

"दरवर्षी असतो तसा. घरी बाळंतीण आहे, ताई."

"पण हे झाड आमच्या काठाला आहे."

धनेशाला हसू आलं. "झाड होतं तिथंच आहे. नदी हलली."

माकडीण हसली नाही. तिनं एक उंबर फोडला, चाखला, आणि परत जाऊन सगळी वस्ती गोळा केली.

त्या वस्तीचा एक जुना नियम होता. पुरात वरच्या गावांतून काय काय वाहत येई. ओंडके येत, नारळ येत, कुणाच्या परसातला भोपळ्याचा वेल मुळासकट येई. त्यावरून मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून वाडवडिलांनी ठरवून टाकलं होतं: नदीनं आणलं ते ज्या काठाला लागलं त्या काठाचं. पण नियम एवढाच नव्हता. त्याला शेपूट होती: आणि मागून कुणी हाक मारत आलं, तर त्याचं त्याला परत. नियम कासवाच्या तोंडपाठ होता. वस्तीत सर्वांत म्हातारं तेच.

कोल्हा मधोमध उभा राहिला. त्याचा आवाज कीर्तनाला शोभेल असा गोड होता. "मंडळी, नदीनं आणलं ते कुणाचं?"

"काठाचं!" सगळे ओरडले.

"आणि यंदा नदीनं आपल्या काठाला काय आणून लावलं?"

"उंबर!"

"अरे, उंबर काय वाहत आलाय?" धनेश पंख झाडत म्हणाला. "त्याची मुळं बघा. माझा आजा त्याच फांदीवर बसायचा. नदीनं कूस बदलली, त्यात झाडाचा काय गुन्हा?"

"कूस बदलून तिनं आपल्याकडं तोंड केलं ना?" कोल्हा म्हणाला. "मग दिलंच की! देणाऱ्याचा हात धरणारे आपण कोण?"

सगळ्यांना ते फार पटलं. फुकटचं मिळतंय असं सांगणारा नेहमीच शहाणा वाटतो.

धनेश म्हणाला, "हे झाड आमच्या जातीनंच लावलंय. आम्ही उंबर खातो, लांब जाऊन शिटतो, तिथं झाड येतं. हा उंबर माझ्या पणज्याच्या शिटेतून उगवलाय."

मग काय विचारता! माकडं एकमेकांच्या अंगावर पडून हसायला लागली. एक जण म्हणाला, "ऐका, ऐका, हगल्याचा हक्क सांगतोय!" दुसरा म्हणाला, "असं असेल तर अख्खा डोंगर पारव्यांच्या नावावर करा!" मुलांनो, धनेश खरं बोलत होता. रानात उंबर असेच येतात. पण खरं बोलणाऱ्याचं बोलणं थोडं घाण असलं की खोटं बोलणाऱ्याला बरं पडतं, लोक वासाकडं बघतात.

"आजोबांना विचारा," धनेश काकुळतीला आला. "आजोबा, नियम सगळा सांगा. मी हाक मारत आलोय की नाही?"

सगळे कासवाकडं वळले. कासवानं मान बाहेर काढली. त्याला शेपूट आठवत होती, चांगली आठवत होती. पण त्याची चिखलाची पट्टी आता उंबराच्या सावलीपासून चार पावलांवर आली होती, आणि सकाळपासून त्यानं पडलेले पाच उंबर खाल्ले होते. ते म्हणालं, "नदीनं आणलं ते ज्या काठाला लागलं त्या काठाचं. असंच आहे बाबा." आणि मान आत घेतली. म्हातारी माणसं खोटं बोलत नाहीत. नुसतं अर्ध्यावर थांबतात.

माकडीण धनेशाला म्हणाली, "हे बघ, आम्ही काही दुष्ट नाही. तुझ्या काठावर जे उगवतं ते तू खा, आम्ही बोटही लावणार नाही. पण नदी ही वेस. इकडचं इकडं, तिकडचं तिकडं. तूही ओलांडायची नाहीस, आम्हीही ओलांडणार नाही. झाला की नाही सारखा न्याय?"

सारखा न्याय! एकाच्या काठाला लगडलेला उंबर आणि दुसऱ्याच्या काठाला तापलेले दगड, आणि न्याय सारखा.

एक गोष्ट मात्र त्या दिवशी कुणीच विचारली नाही. कोल्हा उंबराला तोंड लावत नाही. मग त्याला एवढं घसा सुकवून बोलायचं काय कारण?

त्या दिवसापासून धनेश लांब जायला लागला. दोन डोंगर ओलांडल्यावर दुसरा एक उंबर होता, तोही अर्धा वाळलेला. पूर्वी दिवसातून पंधरा-वीस खेपा होत, आता जेमतेम तीन. ऊन वैशाखाचं. वाटेत सरडा मिळाला तर सरडा आणी, करवंदं मिळाली तर करवंदं. फटीतून मादीची चोच बाहेर येई.

"अहो, आज एवढेच?"

"यंदा कमी लागलाय उंबर."

"मी आत आले तेव्हा तर झाड नुसतं फुटलं होतं. की बसता कुठं गप्पा मारत?"

"बसतो की. मोर भेटतो, सुतारपक्षी भेटतो. बोलण्यात वेळ जातो."

"तुम्ही खाल्लं का?"

"पोटभर."

मादी म्हणाली, "चोच इकडं लावा." त्यानं लावली. ती म्हणाली, "खोटं बोलायलासुद्धा तोंडात ओल लागते. तुमच्या तोंडात तीही नाही. काय झालंय?"

"काही नाही. पिल्लू कसं आहे?"

"ओरडतंय. बापावर गेलंय, नुसतं ओरडायचं, सांगायचं काही नाही."

त्यानं तिला सांगितलं नाही ते नाहीच. आत कोंडलेल्या बाईला सांगून ती काय करणार होती? असं त्याला वाटलं. मला विचाराल तर सांगायला हवं होतं. बाईला काही कळू द्यायचं नाही आणि त्याला माया म्हणायचं, ही खोड पाखरांतही आहे.

पिल्लाचं ओरडणं बारीक व्हायला लागलं तेव्हा धनेश एकदा उंबरावर गेला. फांदीवर बसला नाही, खालीच उतरला. "वरचे नकोत," तो म्हणाला. "खाली पडलेत त्यातले चार घेतो. कुजतायत ते तसेही."

खरंच कुजत होते. माकडांची पोटं केव्हाच भरली होती. झाडाखाली लाल चिखल झाला होता, त्यावर माश्या घोंगावत होत्या, आंबूस वास सुटला होता. पण माकडीण म्हणाली, "आज चार दिले की उद्या फांदीवर येऊन बसशील. कुजले तरी आमचे." आणि टोळीनं त्याला हाकललं. दगड शोधायचा कुणाला आळस आला असेल, त्यांनी उंबरच फेकून मारले. पिकलेले, रसानं भरलेले. धनेशाच्या पाठीवर ते फुटले, आणि ज्या रसासाठी त्याची बायको आत तडफडत होती तो रस त्याच्या पिसांवरून मातीत गळाला. एकही चोचीत आला नाही.

त्यानंतर दोन दिवसांनी, भर दुपारी, दोन डोंगरांवरून परत येताना नदीवर त्याचे पंख मिटले. पाणी घोटाभरच होतं. त्यात तो पडला आणि उठायची धडपड करू लागला. कोल्हा धावत आला. असा धावला की लांबून पाहणाऱ्याला वाटावं, मदतीलाच चाललाय. मग त्यानं धनेशाला मानेत धरलं आणि बांबूच्या बेटाखाली नेलं. कोल्ह्याचं उंबराशी काय नातं होतं, ते आता तुम्हाला कळलं. माकडांनी वरून पाहिलं. एक जण म्हणाला, "बिचारा." आणि उंबर सोलायला लागला.

ढोलीत मादी वाट पाहत राहिली. पहिल्या दिवशी ती चिडली. येऊ देत, चांगली खरडपट्टी काढते, म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिचा राग गेला आणि ती फटीतून चोच काढून बसून राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी पिल्लानं चोच उघडली आणि आवाजच आला नाही. तेव्हा मादीनं दाराचा लिंपलेला चिखल आतून फोडायला घेतला. तिची पिसं पुरती आली नव्हती. बाहेर पडलं तर परत वर उडता येणार नाही हे तिला कळत होतं. पण आत बसलं तर काय होणार हेही कळत होतं. दोन वाटा, दोन्ही वाईट. त्यातली जी पायांनी चालता येईल ती तिनं धरली.

ती खाली पडली, उठली आणि चालायला लागली. तापलेल्या वाळूवरून, फडफडत, लंगडत. नदीपाशी आली. तिला वाटलं होतं, मध्ये मोठं पाणी असेल. पाणी तिच्या गुडघ्यालासुद्धा लागलं नाही. ज्या नदीला वेस म्हणून सगळी वस्ती नाचत होती, ती एका पंख नसलेल्या बाळंतिणीनं चालत ओलांडली.

काठावर सावलीत कोल्हा पोट वर करून पडला होता. शेजारी पिसं विखुरली होती, काळी-पांढरी. तिनं ती ओळखली. तीन महिने रोज त्याच पिसांची सावली तिच्या फटीवर पडत होती.

"नमस्कार वहिनी," कोल्हा म्हणाला. पोट भरलेलं असलं की तो सगळ्यांशी अदबीनं वागे. "भाऊंचं फार वाईट झालं."

ती तशीच पुढं उंबराखाली गेली. सडलेल्या फळांच्या राशीपुढं उभी राहिली आणि तिला सगळं कळलं. कमी कुठं लागला होता? पायाखाली चिखल होता उंबराचा.

माकडीण खाली उतरली. "इकडं यायची मनाई आहे, बाई. नियम—"

"मार," मादी म्हणाली. "मारायचं असेल तर मार. नाहीतर बाजूला हो."

माकडिणीला काय वाटलं कोण जाणे, ती बाजूला झाली. मादीनं दोन चांगले, घट्ट उंबर निवडून चोचीत धरले आणि ती आल्या वाटेनं परत निघाली.

बेहड्याखाली आली. ढोली वीस हात वर. आतून बारीकसा आवाज आला. पिल्लू अजून होतं. मादीनं उंबर मुळापाशी ठेवले, एक चोचीत घेतला आणि सालीला नखं रोवून चढायला पाहिलं. दोन हात चढली, घसरली. परत चढली, परत घसरली. असं किती वेळा, ते मी मोजून सांगत नाही. शेवटी ती नदीकडं वळली आणि ओरडली, "अगं ए माकडिणी! तुझी जात चढणारी आहे. दोन उड्यांत पोचशील. हे एवढं त्याच्या तोंडात घाल. उंबर तुमचा, काठ तुमचा, सगळं तुमचं. एवढं घाल. तुझ्याही पोटाला पोर आहे."

माकडीण पाण्याच्या कडेला आली. तिनं पोटाचं पिल्लू घट्ट धरलं. पाण्यात एक पाय टाकला. मागं वळून टोळीकडं पाहिलं, कासवाकडं पाहिलं. कासवाची मान आत होती. तिनं पाय काढून घेतला.

"आम्ही पलीकडं येत नाही, बाई," ती म्हणाली. "आमचा शब्द आहे. नदी ही वेस."

संध्याकाळ होण्याआधी ढोली गप्प झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीत बरीच हळहळ झाली. माकडीण रडलीही, खोटं कशाला सांगू, खरी रडली. मग कुणीतरी म्हणालं की एवढी खोल, कोरडी, वीस हात उंच ढोली रिकामी पडलीय, आणि पाऊस तोंडावर आलाय. कोल्हा म्हणाला, "रिकाम्या घराला धनी नसला की सापविंचू शिरतात. वस्तीच्या भल्यासाठी कुणीतरी ताबा घ्यायला हवा." कासव म्हणालं, "असंच आहे बाबा."

आणि सगळी टोळी नदीत उतरली. एकालाही पाणी आडवं आलं नाही. काल ज्या माकडिणीला दुसरा पाय पुढं टाकवला नाही, ती सर्वांच्या पुढं होती. दोन उड्यांत ती ढोलीपाशी पोचली, आत कोपरापर्यंत हात घातला, जे होतं ते काढून खाली टाकलं आणि ढोली झाडून घेतली. खाली करवंदीच्या जाळीत मादी बसली होती. ती बघत होती. कुणी तिच्याकडं बघितलं नाही.

उतरताना माकडिणीला बेहड्याच्या मुळाशी दोन उंबर दिसले. कालचे, उन्हानं थोडे सुरकुतलेले. तिनं ते उचलले, उलटसुलट करून पाहिले.

"हे आपल्या काठाचे," ती म्हणाली, आणि दोन्ही गालात भरले.

तात्पर्य : दुसऱ्याला अडवायला आखलेली वेस आखणाऱ्याला कधीच अडवत नाही. म्हणून न्याय सांगणाऱ्याच्या तोंडाकडं बघू नये, त्याच्या पायांकडं बघावं.